मुलं झोपली की ‘म्यूज’ लावायचं

२ जून २००३. अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहणाऱ्या स्टेफनी मायरला स्वप्न पडलं: रानातल्या कुरणात एक मुलगी आणि चमचमणारा व्हॅम्पायर बोलतायत. त्याच दिवशी मुलांचे पोहण्याचे धडे सुरू होणार होते. तरी तिने तो प्रसंग टाइप करून ठेवलाच.

पदरी तीन लहान मुलगे. त्यामुळे निवांत लिखाण रात्री, मुलं झोपल्यावर. साधारण तीन महिन्यांत ‘ट्वायलाइट’ या कादंबरीचा पहिला खर्डा तयार!

सोबतीला संगीत हवंच. ‘म्यूज’ हा ब्रिटिश रॉक बँड तिचा खास लाडका. ‘ट्वायलाइट’ मालिकेतल्या प्रत्येक पुस्तकाची गाण्यांची यादी तिने वाचकांसाठी वेबसाइटवर दिली. याच मालिकेतल्या, २००८च्या ‘ब्रेकिंग डॉन’च्या अर्पणपत्रिकेतही ‘म्यूज’चे आभार आहेत. किती मोकळी, सुंदर दाद!