फिश टँकमधले प्रवाळ आले कुठून?

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे. समुद्र मात्र कुठल्याही दिशेने निघाले तरी पाचशे किलोमीटरच्या आत लागत नाही. इथल्या माणसाला प्रवाळ ठाऊक असते ते अंगठीतल्या पोवळ्याच्या रूपात, नाहीतर आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातल्या प्रवाळ पिष्टीच्या डबीत. दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत गोल्डफिश आणि गप्पी असतात, तळाशी रंगीत खडी आणि बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पाणबुड्या. पण गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून खाऱ्या पाण्याच्या टँकची हौस वाढली आहे. मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ पाहून जिल्ह्यातली तरुण मुलेही दुकानदाराकडे ‘ते फुलांसारखे हलणारे’ मागू लागली तर नवल नाही. ते फुलांसारखे हलणारे म्हणजे प्रवाळाचे पॉलिप. शोभेची वस्तू म्हणून ते घरी येतात, पण असतात जिवंत प्राणी, आणि त्यांच्यातल्या काहींच्या अंगी निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक विष असते.

पॉलिपची रचना अगदी साधी. खाली चिकटलेली बैठक, वर नळीसारखे शरीर, टोकाला तोंड आणि तोंडाभोवती बारीक बोटांसारख्या स्पर्शकांचे कडे. असे शेकडो जीव एकमेकांना जोडून राहतात, ती वसाहत. काही जातींचे पॉलिप स्वतःभोवती चुनखडीचे घर बांधतात. त्यांना आपण दगडी प्रवाळ म्हणतो आणि समुद्रातले प्रवाळखडक त्यांनीच रचलेले असतात. समुद्रपूर तालुक्यातच गिरड आहे. तिथल्या टेकडीवर सापडणारे गोल दगड म्हणजे शेख फरीदबाबांच्या शब्दाने दगड झालेली जायफळे आणि नारळ, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. प्रवाळाचे उलटे आहे. दिसायला दगड, आणि हात लावावा तर प्राणी.

टँकच्या हौसेत ज्यांना सर्रास ‘बटन पॉलिप’ म्हणतात ते झोअँथिड या गटातले. ते चुन्याचे घर बांधत नाहीत. शर्टाच्या गुंडीएवढे, हिरवे, नारिंगी, जांभळे किंवा नुसते तपकिरी, दगडावर गालिच्यासारखे पसरतात. मरत नाहीत, लवकर वाढतात आणि इतर प्रवाळांच्या मानाने स्वस्त पडतात. त्यामुळे नवशिक्याला दुकानदार बहुधा तेच सुचवतो.

ते येतात कुठून? जगभरच्या टँकमधल्या जिवंत प्रवाळांचा सर्वांत मोठा पुरवठादार बराच काळ इंडोनेशिया राहिला आहे. त्याखालोखाल फिजी, ऑस्ट्रेलिया, सॉलोमन बेटे, टोंगा अशी नावे येतात. इंडोनेशियात सुलावेसी बेटाच्या मकास्सर शहरासमोर स्पर्मोंडे नावाचा बेटांचा पुंजका आहे. तिथले अनेक मच्छीमार मासळीबरोबर शोभेचे मासे आणि प्रवाळही काढतात. ओहोटीला उघडा पडणारा उथळ कट्टा, खाजणाचा शांत तळ, प्रवाळखडकाचा उतार, अशा जागी त्यांचे काम चालते. हत्यार म्हणजे छिन्नी, हातोडा, नाहीतर पहार. बटन पॉलिप सोलून काढता येत नाही, फाटतो. म्हणून ज्या दगडावर तो बसला आहे तो दगडच फोडून घेतात. टँकमधल्या मुठीएवढ्या तुकड्याच्या खाली जी खडबडीत बैठक दिसते, ती त्या समुद्रतळाचीच कपची असते. मग प्लॅस्टिकची पिशवी, पाणी, ऑक्सिजन, थर्माकोलचा खोका आणि विमान.

या साखळीचे पहिले टोक वैद्यकाच्या दृष्टीने नीट पाहण्यासारखे आहे. तळाशी काम करणाऱ्या माणसाकडे अनेकदा पाठीवरचा सिलिंडर नसतो. होडीत टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर ठेवतात, त्याची लांब नळी तोंडात धरून माणूस खाली उतरतो आणि तासन्‌तास राहतो. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. वाढलेल्या दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. माणूस झपकन वर आला की सोड्याच्या बाटलीचे झाकण उघडल्यावर होते तेच शरीरात होते, बुडबुडे सुटतात. ते सांध्यात अडकले तर असह्य वेदना. मज्जारज्जूत अडकले तर कमरेखालचे अंग लुळे पडते आणि लघवीवरचा ताबा जातो. उपाय आहे तो दाबकक्षाचा, म्हणजे रुग्णाला बंद खोलीत पुन्हा दाबाखाली ठेवून हळूहळू दाब कमी करणे. अशी खोली बेटावर नसते. असली तर दूरच्या मोठ्या रुग्णालयात. शिवाय कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा धूर हवा ओढणाऱ्या तोंडापाशी आला की कार्बन मोनॉक्साइड थेट नळीत जातो. हौशी माणसाने दुकानात मोजलेल्या किमतीत या माणसाच्या पायांची किंमत किती धरलेली असते, हे कुणी विचारत नाही.

सरकारांनी लगाम घालून पाहिले. फिलिपिन्सने १९७७ मध्येच प्रवाळ काढण्यावर बंदी आणली. इंडोनेशियाने २०१८ मध्ये निर्यात थांबवली आणि २०२० पासून समुद्रात शेती करून वाढवलेल्या प्रवाळांना पुन्हा वाट दिली. ही शेती चांगली कल्पना आहे. मूळ वसाहतीचे छोटे तुकडे सिमेंटच्या चकत्यांवर बांधून पाण्याखालच्या मांडवावर वाढवायचे आणि मोठे झाले की विकायचे. दगडी प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सायटिस कराराचे नियंत्रण आहे, म्हणजे परवाने आणि नोंदी ठेवाव्या लागतात. पण झोअँथिड त्या यादीत नाहीत. म्हणून कुठल्या बेटावरून, कुठल्या जातीचे, किती बटन पॉलिप निघाले याचा हिशेब ढिसाळच राहतो. दुकानात पोचेपर्यंत त्यांचे गाव आणि जात दोन्ही हरवलेले असते. उरते ते व्यापाऱ्याने दिलेले आकर्षक नाव. प्रश्न इथेच सुरू होतो, कारण झोअँथिडांच्या जातींमध्ये विषाचा फरक जमीन-अस्मानाचा आहे.

आपल्याकडचेही थोडे सांगायला हवे. मालवण, रत्नागिरी, अगदी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरसुद्धा ओहोटीला झोअँथिडांचे गालिचे उघडे पडतात आणि माणसे त्यांना शेवाळ समजून वरून चालत जातात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला समुद्रात बुडालेले पठार कान्होजी आंग्र्यांच्या नावाने आंग्रिया बँक म्हणून ओळखले जाते आणि तिथेही प्रवाळ आहेत. भारतात दगडी प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. ते काढणे किंवा विकणे यासाठी तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. तारकर्लीला सहलीला गेलेल्या विदर्भातल्या मंडळींनी आठवण म्हणून पिशवीत टाकलेला ‘सुंदर दगड’ या कायद्यात बसतो, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

आता विषाकडे. हवाई बेटांपैकी माऊई बेटावर हाना नावाचे गाव आहे. तिथली जुनी दंतकथा अशी की, मच्छीमार समुद्रावर गेले की दरवेळी एकजण नाहीसा व्हायचा. संशय टेकडीवर एकट्या राहणाऱ्या एका माणसावर गेला. लोकांनी त्याचे पांघरूण ओढले तर पाठीवर शार्कचा जबडा. त्याला मारून जाळले आणि राख समुद्रात टाकली; राख पडली त्या डबक्यात मारक शेवाळ उगवले. लढवय्ये ते भाल्याच्या टोकाला चोपडत. त्या डबक्याला हात लावू नये, संकट येईल, असा गावाचा दंडक होता. शास्त्रज्ञांनी दंडक मोडून १९६१ च्या ३१ डिसेंबरला नमुने घेतले. त्याच दिवशी त्यांच्या सागरी प्रयोगशाळेची मुख्य इमारत आगीत जळाली. योगायोगच, पण गावकऱ्यांना तो योगायोग वाटला नसणार.

ते शेवाळ निघाले झोअँथिड, पॅलिथोआ या वंशातले. मूर आणि शॉयर या संशोधकांनी १९७१ मध्ये त्यातले विष वेगळे काढले. त्याला पॅलिटॉक्सिन म्हणतात. रेणू इतका अवाढव्य की त्याची पूर्ण रचना उलगडायला आणखी दहा वर्षे लागली. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा एक पंप असतो. स्नायू आकसणे, हृदय धडधडणे, मेंदूचे संदेश जाणे, सारे त्याच्या जोरावर चालते. पॅलिटॉक्सिन या पंपाला चिकटते आणि त्याचे उघडे भोक करून टाकते. विहिरीवरचा पंप बिघडून नळीतून पाणी उलटे वाहू लागावे, तसे. पेशी फुगतात, स्नायू विरघळू लागतात, रक्तात पोटॅशियम वाढते, हृदयाची लय बिघडते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून माणसाची घातक मात्रा, विष थेट रक्तात गेले तर, काही मायक्रोग्रॅम असावी असा अंदाज बांधतात. मिठाचा एक कण त्याहून कितीतरी जड असतो. उतारा नाही.

घरात हे विष माणसापर्यंत पोचते ते बहुधा पॉलिप उखडून टाकताना. तपकिरी, दिसायला सामान्य पॅलिथोआ अनेकदा दुसऱ्याच प्रवाळाच्या दगडाला चिकटून फुकट आलेला असतो. मालकाला तो नको असतो. मग कुणी ब्रशने घासतो, कुणी त्यावर उकळते पाणी ओततो. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका गृहस्थांनी नेमके हेच केले, वाफ श्वासात गेली आणि खोकला, धाप लागून रुग्णालय गाठावे लागले. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान दुकानात आणि घरांत अशा घटना घडल्या. ताप, अंगदुखी, अशक्तपणा आणि तोंडात धातूची चव अशा तक्रारी होत्या. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या एका घरात २०१८ मध्ये टँकमधून प्रवाळ बाहेर काढल्यावर सहा जणांचे कुटुंब आणि मदतीला धावलेले चार अग्निशमन कर्मचारी रुग्णालयात दाखल झाले. डोळ्यात उडाले तर बुबुळाला जखम होते आणि काही रुग्णांना बुबुळ बदलावे लागले आहे. वॉशिंग्टनच्या परिसरातल्या दुकानांतून झोअँथिड विकत घेऊन तपासले तेव्हा अतिविषारी सारे पॅलिथोआ निघाले, तर झोअँथस या भाऊबंदांत विष आढळले नाही. विकणाऱ्याला मात्र दोघेही बटन पॉलिपच.

घाबरून जावे असे हे नाही. जगात लाखो घरी प्रवाळ सुखाने नांदतात आणि मृत्यू अतिशय दुर्मीळ आहेत. पण वर्ध्याची एक खास अडचण आहे. प्रवाळाला २४ ते २७ अंशांच्या आसपासचे पाणी लागते. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर असताना आणि वीज चार तास गेलेली असताना चिलर बंद पडतो, पाणी तापते आणि टँक दोन दिवसांत कुजू लागतो. वैतागलेला मालक सगळे दगड बाहेर काढतो, बंद न्हाणीघरात गरम पाण्याने घासतो किंवा गच्चीवर वाळत टाकतो. धोक्याची वेळ हीच. उष्णतेने हे विष सहजी नष्ट होत नाही, उलट वाफेबरोबर आणि तुषारांबरोबर हवेत उडते.

दगड काढायचाच असेल तर तो पाण्याखालीच हाताळावा, लांब रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून. हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याला द्यावे. घासू, उकळू, वाळवू नये; मायक्रोवेव्हचा विचारही करू नये. अंगणात, उघड्यावर, बादलीत घरगुती ब्लीचचे द्रावण करून त्यात दगड पूर्ण बुडवून काही तास ठेवावा. लहान मुले, कुत्री-मांजरे लांब. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरे कुठलेही क्लीनर मिसळू नये, नाहीतर एका विषाच्या जागी दुसरे.

आणि रुग्णालयात? थंडी वाजून ताप, धाप, अंग ठणकणे, छाती भरणे. पावसाळ्यात हीच लक्षणे घेऊन ओपीडीत रांग लागलेली असते. मलेरिया, डेंग्यू, न्यूमोनिया यांची तपासणी होते आणि ती व्हायलाच हवी. ‘घरात फिश टँक आहे का, खाऱ्या पाण्याचा आहे का, काल साफ केला का’ हे कुणी विचारत नाही. एकाच घरातले दोघे-तिघे, कधी कुत्रासुद्धा, एकाच रात्री आजारी पडले तर हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागते. शेतातून आलेल्या रुग्णाला फवारणी केली होती का, हे वर्ध्यातला प्रत्येक डॉक्टर न चुकता विचारतो. हा प्रश्न त्याच जातीचा.

अशा वेळी घर सोडून मोकळ्या हवेत यावे, कपडे बदलावेत, अंग साबणाने धुवावे, डोळे वाहत्या पाण्याने किमान पंधरा-वीस मिनिटे धुवावेत आणि थेट रुग्णालय गाठावे. तिथे ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळी करणारी औषधे, ईसीजी, रक्तातले पोटॅशियम आणि स्नायू विरघळल्याचे दाखवणारी सीपीके चाचणी, लघवीच्या रंगावर नजर, असा आधाराचा उपचार असतो. डोळ्याला इजा असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा सल्ला डॉक्टरांना चोवीस तास मिळतो. निघताना टँकमधल्या पॉलिपचा मोबाइलवर एक स्पष्ट फोटो काढून न्यावा आणि तो कुठून, काय नावाने घेतला तेही सांगावे. दगड मात्र पिशवीत घालून आणू नये.