चेतापेशीचा विश्रांती विभव : गळती वाहिन्या आणि पंप यांचे कार्य

प्रस्तावना :
चेतापेशी संदेशवहन करीत नसते तेव्हाही ती विद्युतदृष्ट्या निष्क्रिय नसते. तिच्या पटलाची आतील बाजू बाहेरील बाजूच्या तुलनेत सर्वसाधारणपणे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. या विभवांतरास 'विश्रांती विभव' असे म्हणतात. हा विभव सोडियम-पोटॅशियम पंप निर्माण करतो, असे अध्यापनात अनेकदा सांगितले जाते. हे विधान अंशतःच खरे आहे. पटलाची निवडक पारगम्यता आणि पंप यांच्या कार्यांतील भेद स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

विभवाची निर्मिती :
सस्तन प्राण्यांच्या चेतापेशीत पोटॅशियमची संहती दर लिटरला सुमारे १४० मिलिमोल, तर पेशीबाहेर सुमारे ५ मिलिमोल असते. सोडियमची विभागणी याच्या उलट असते. विश्रांत अवस्थेत पटलातील खुल्या गळती वाहिन्या मुख्यत्वे पोटॅशियमलाच वाट देतात. त्यामुळे पोटॅशियमचे धनभारित आयन बाहेर झिरपतात. प्रथिनांसारखे ऋणभारित घटक मात्र आतच राहतात. अशा रीतीने निर्माण झालेली आतील ऋणता पोटॅशियमला मागे खेचू लागते. या दोन प्रवृत्ती तुल्यबळ होतात तेव्हाचा विभव नर्न्स्टच्या समीकरणानुसार, ३७ अंश सेल्सिअस तापमानास, सुमारे उणे ८९ मिलिव्होल्ट येतो. प्रत्यक्षातील विभव यापेक्षा कमी ऋण असतो, कारण अल्प प्रमाणात सोडियमही आत झिरपतो. या प्रक्रियेत स्थानांतर करणाऱ्या आयनांची संख्या इतकी अल्प असते की, दोन्ही बाजूंच्या संहतीत लक्षणीय फरक पडत नाही.

प्रायोगिक आधार :
पटल पोटॅशियमला निवडकपणे पारगम्य असते, ही कल्पना ज्यूलियस बर्नस्टाइन यांनी १९०२ मध्ये मांडली. १९५५ मध्ये हॉजकिन आणि कीन्स यांनी सागरी मृदुकाय प्राण्यांच्या महाकाय अक्षतंतूंवर डायनायट्रोफिनॉलसारख्या विषांचा प्रयोग केला. सोडियमचे उत्सर्जन मोठ्या प्रमाणात घटले. तथापि अक्षतंतूंची आवेगवहनाची क्षमता लगेच नष्ट झाली नाही. पुढे १९६१ मध्ये बेकर, हॉजकिन आणि शॉ यांनी स्क्विडच्या अक्षतंतूतील पेशीद्रव्य पिळून काढून त्या जागी पोटॅशियम क्षारांचे द्रावण भरले, तरीही विश्रांती विभव टिकून राहिला. द्रावणातील पोटॅशियमऐवजी सोडियम वापरताच तो नाहीसा झाला.

पंपाचे कार्य :
येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंत या पंपाचे विकर दाखवून दिले. या कार्याबद्दल १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. हा पंप एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. या असमान देवघेवीमुळे विभवात थेट पडणारी भर साधारणतः काही मिलिव्होल्टचीच असते. झिरपण्यामुळे होणारी झीज भरून काढून दोन्ही आयनांची विषम विभागणी टिकविणे, हे त्याचे प्रमुख कार्य होय.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. महाकाय अक्षतंतूत आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग अल्प असल्यामुळे आयनांचा साठा दीर्घकाळ पुरतो. मेंदूतील चेतापेशी अतिशय लहान असतात. पक्षाघातात रक्तपुरवठा पूर्णपणे थांबल्यास एटीपी संपुष्टात येते, पंप थांबतो आणि काही मिनिटांतच संहतीतील फरक व त्याबरोबर विभवही ढासळतो. पंप चालू असतानाही रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास स्नायुपेशींचा विभव कमी ऋण होतो आणि हृदयाची लय धोक्यात येते.

निष्कर्ष :
विश्रांती विभव प्रामुख्याने पोटॅशियमच्या निवडक झिरपण्यातून निर्माण होतो. पंप त्या झिरपण्यास आवश्यक असा संहतीतील फरक राखतो. 'पंप थांबल्यास विभव तत्क्षणी नाहीसा होईल काय ?' हा एकच प्रश्न वर्गात विचारला, तरी विद्यार्थ्यांची ही संकल्पना कितपत स्पष्ट आहे, हे अध्यापकास कळू शकेल.