गळाला मासा लागला नाही, म्हणजे तळ्यात मासाच नाही?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका ओढ्यात आणि जवळच्या शेततळ्यात सारखंच जाळं, सारखाच वेळ टाकलं. ओढ्यात मासे जास्त आले, म्हणून वहीत लिहिलं: 'ओढ्यात मासे जास्त.' गाइडनी विचारलं, "हे मासे सांगतायत की तुझं जाळं?" सहा महिन्यांचा डेटा बाजूला ठेवावा लागला. चूक नेमकी काय होती, हे मला ट्राउटच्या फ्लाय फिशिंगवरून कळलं.

फ्लाय फिशिंगमध्ये गळाला पिसं आणि धागा गुंडाळून खोटा किडा बनवतात. आता ऑस्ट्रेलियाच्या स्नोई माउंटन्समधली थ्रेडबो नदी बघा. ट्राउट मूळचा तिथला नाही. त्याची अंडी 1864 मध्ये इंग्लंडहून जहाजानं टास्मानियात आली. वाहत्या पाण्यात तो दगडाच्या आडोशाला, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. किडे पाणीच आणून देतं. मागून, प्रवाहाच्या वरच्या अंगाला गळ टाकला की किडा वाहत त्याच्यासमोर येतो.

त्याच देशातल्या शेततळ्यात प्रवाह नसतो, म्हणून मासाच खाणं शोधत फिरतो. शिवाय उन्हाळ्यात वरचा थर तापतो. 10 अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात साधारण 11.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 25 अंशांना फक्त 8.3. तळाशी पाणी थंड, पण तिथला ऑक्सिजन कुजणाऱ्या गाळात संपत येतो. ट्राउट मधल्या पट्ट्यात अडकतो आणि तरंगता किडा रिकामा परततो.

म्हणजे 'शून्य मासे' याचे दोन अर्थ निघतात: मासे खाली आहेत, किंवा मेलेत. शेतकऱ्यासाठी हा फरक पैशांचा आहे. ट्राउटला अंडी घालायला वाहतं पाणी आणि खडी लागते, त्यामुळे तळ्यात पिल्लं विकत आणूनच सोडावी लागतात. अंदाज चुकला तर तो आधीच्या माशांच्या खाण्यात वाटेकरी सोडेल, नाहीतर तापलेल्या पाण्यात पैसे ओतेल.

सूत्र सोपं आहे:

तासाला मिळालेले मासे = पकडले जाण्याची शक्यता × एकूण मासे

समजा ओढ्यात 100 मासे, शक्यता 0.02, मिळाले 2. तळ्यात 200 मासे, शक्यता 0.005, मिळाला 1. तळ्यात मासे दुप्पट, पण वहीत निम्मे! मी दोन्हीकडची शक्यता सारखीच धरली होती.

मग मोजायचं कसं? 50 मासे पकडून खूण करून सोडा. काही दिवसांनी 40 पकडले आणि त्यात 10 खुणेचे निघाले, तर एकूण मासे 50 × 40 ÷ 10, म्हणजे 200. पण एकदा गळाला लागलेला मासा सावध होतो. खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज फुगतो. म्हणून दुसऱ्या वेळी पद्धत बदला, जाळं वापरा.

तुमचा विषय मासे नसेलही. सर्वेक्षण असो की सेन्सर, 'काही सापडलं नाही' असं लिहिण्याआधी एवढं तपासा: असतं, तर माझ्या पद्धतीला ते सापडलं असतं का?