कॉम्प्युटर अचानक बंद पडतो? दुकानात नेण्याआधी दोष घरीच शोधा

आपल्या वस्त्यांमध्ये, अभ्यासिकांमध्ये आणि तरुणांच्या घरी जे डेस्कटॉप दिसतात, त्यातले बरेच असेंबल केलेले असतात. मदरबोर्ड लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, प्रोसेसर सेकंडहँड, रॅमची एक पट्टी नवी आणि एक मित्राने दिलेली, एसएमपीएस कॅबिनेटसोबत फुकट आलेला. याच मशीनवर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालतो, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले जातात, १४ एप्रिलचे बॅनर तयार होतात आणि कार्यक्रमांचे व्हिडिओ एडिट होतात. आणि नेमका फॉर्मच्या शेवटच्या तारखेला हा कॉम्प्युटर खट्कन बंद पडतो.

दुकानात नेला की ठरलेले उत्तर मिळते, "मदरबोर्ड गेला." कधी ते खरे असते. पण आमच्या पाहण्यात मदरबोर्ड फार कमी वेळा दोषी निघतो. एसएमपीएस, रॅम, उष्णता आणि घरातली वीज हेच चार गुन्हेगार पुन्हा पुन्हा सापडतात, आणि यातले तीन तरी एक पैसा खर्च न करता घरीच तपासता येतात. म्हणून हा लेख.

आधी लक्षण नीट पाहा

"बंद पडतो" एवढे सांगून काही कळत नाही. बटण दाबल्यासारखा क्षणात काळोख होतो का? निळा स्क्रीन येऊन मग रिस्टार्ट होतो का? चित्र तिथेच गोठते आणि माऊसही हलत नाही का? की अर्धा मिनिट अडकून पुन्हा चालू लागतो? हे चार वेगवेगळे आजार आहेत. क्षणात काळोख झाला तर संशय विजेवर किंवा उष्णतेवर. निळा स्क्रीन आला तर रॅम, प्रोसेसर किंवा ड्रायव्हर. अडकून पुन्हा चालू लागला तर बहुधा हार्ड डिस्क किंवा तिची केबल. पूर्ण गोठणे सगळ्यात अवघड, कारण त्यामागे यातले काहीही असू शकते.

निळा स्क्रीन वाचण्याआधीच निघून जात असेल तर विंडोजच्या अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्जमध्ये जा. तिथे 'स्टार्टअप अँड रिकव्हरी'मध्ये 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'समोरची खूण काढा. आता स्क्रीन थांबून राहील, मोबाईलने फोटो काढता येईल. दर वेळी एकच कोड येतो की वेगवेगळे, हे महत्त्वाचे. एकच कोड आणि त्यात एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल तर दोष सॉफ्टवेअरचा असू शकतो. रोज नवा कोड येत असेल तर रॅमवर संशय घ्या.

इव्हेंट व्ह्यूअर उघडला की लाल खुणेसह 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसते. यावरून अनेक जण थेट एसएमपीएस बदलतात. ही नोंद एवढेच सांगते की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद झाला. कारण ती सांगत नाही. मात्र तिच्या तपशिलात 'बगचेककोड' शून्य असेल, तर विंडोजला निळा स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही असा अर्थ निघतो, आणि मग वीज, उष्णता किंवा पूर्ण गोठणे याकडे वळावे. त्याच यादीत 'व्हिया-लॉगर' नावाच्या नोंदी दिसल्या तर त्या अधिक बोलक्या असतात. प्रोसेसर किंवा त्याच्याशी जोडलेल्या हार्डवेअरने स्वतः दिलेली ती तक्रार असते.

एसएमपीएस आणि घरातली वीज

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेले असते. त्या आकड्याकडे पाहू नका, बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा. आजच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात. तिथे १६ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. बाकीचा आकडा कागदावरचा. अशा एसएमपीएसवर ऑफिसचे काम वर्षानुवर्षे चालते. मग कोणी तरी एडिटिंगसाठी ग्राफिक्स कार्ड बसवतो आणि व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की मशीन बंद. कार्ड काही क्षणांसाठी नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते, तो झटका एसएमपीएसला पेलत नाही.

१२ व्होल्टमध्ये पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, म्हणजे ११.४ ते १२.६. बायोसमध्ये किंवा एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये हा आकडा दिसतो, पण मदरबोर्डचे हे माप फारसे अचूक नसते. मल्टिमीटर असेल तर हार्ड डिस्कच्या पॉवर कनेक्टरवर पिवळ्या आणि काळ्या तारेत मोजा. खात्रीचा उपाय एकच, मित्राचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून पाहणे. एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो, आणि तो जीवघेणा आहे.

आता असा दोष पाहू, जो दुकानात कधीच सापडत नाही, कारण तो दुकानात नसतोच. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात? तर घरातले अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून अर्थकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थची तार कुठेच पोचत नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मा, म्हणजे शंभरच्या आसपास व्होल्ट तरंगत राहतो. करंट अगदी कमी असतो म्हणून माणूस वाचतो, पण पेन ड्राइव्ह, प्रिंटर किंवा टीव्हीची केबल लावताना हाच दाब पोर्टमधून जाऊन मशीन अडकते, कधी पोर्टही जळतो. चाळीत, जुन्या सरकारी क्वार्टर्समध्ये आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये हे सर्रास आढळते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घुसवला तर तोच प्रकार. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घेणे हे नव्या मदरबोर्डपेक्षा स्वस्त काम आहे. घरमालकाकडे ते मागण्यात संकोच करू नये, कारण प्रश्न कॉम्प्युटरपुरता नाही.

यूपीएस असूनही लाईट गेली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होत असेल तर दोन शक्यता. एक, बॅटरी संपली; साध्या यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते. दुसरी, यूपीएस ठीक आहे पण एसएमपीएस कमजोर. मेनवरून बॅटरीवर जाताना साध्या यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस आतल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. कपॅसिटर म्हातारे झाले की तेवढा वेळही निघत नाही. यूपीएसला फक्त एक बल्ब लावून मेन बंद करा. बल्ब पेटता राहिला तर निदान यूपीएस आणि त्याची बॅटरी पार मेलेली नाही, आणि संशय एसएमपीएसकडे सरकतो.

उष्णता

विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात खोलीतच ४० अंश असेल तर प्रोसेसर थंड कुठून राहणार? पण फक्त उन्हाळ्याला दोष देऊन चालत नाही. आजचे प्रोसेसर तापले की आधी आपला वेग कमी करतात, आणि तरीही तापमान वाढतच गेले तर शेवटी बंद होतात. इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून काम करा. आकडा चढत ९५-१०० ला गेला, मशीन मंदावली आणि मग बंद पडली, तर कारण उष्णता. ६५ अंशांवर खट्कन बंद पडली, तर पुन्हा एसएमपीएसकडे चला.

चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच बंद होत असेल तर कूलर निखळलेला असतो. इंटेलसोबत येणारा जुन्या पद्धतीचा कूलर चार प्लास्टिक पिनांवर बसतो. कॅबिनेट बाईकवर मांडीत धरून आणताना त्यातली एखादी पिन सुटते, आणि कूलर वरून जागेवर दिसला तरी प्रोसेसरला टेकत नाही. कूलर काढलाच तर जुनी थर्मल पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

धूळ ब्लोअरने काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर ती भन्नाट फिरून बेअरिंग जाते. आणि एअर कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. ओलावा आणि धूळ मिळून बोर्डावर जो थर बसतो, तो कोरड्या धुळीपेक्षा वाईट.

रॅम खराब असेल तर नुकसान नुसते क्रॅशचे नसते

कॉम्प्युटर बंद पडला की निदान कळते तरी. रॅमचा एखादा बिट चुकीचा वाचला गेला आणि मशीन चालूच राहिली, तर ती चूक गुपचूप फाइलमध्ये उतरते. फोटो कॉपी करताना, स्कॅन सेव्ह करताना, झिप उघडताना. जुन्या नियतकालिकांचे अंक स्कॅन करणारे, ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती साठवणारे अनेक तरुण आपल्यात आहेत. मूळ कागद जीर्ण झालेला असतो, मुलाखत देणारी व्यक्ती पुन्हा भेटेलच असे नसते. म्हणून मशीन वारंवार क्रॅश होत असेल तर रॅम तपासेपर्यंत असा संग्रह त्यावर हलवू नका, आणि मूळ मेमरी कार्ड तर मुळीच फॉरमॅट करू नका.

तपासणी सोपी आहे. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करा आणि रात्रभर चालू द्या, चार फेऱ्या होऊ द्या. विंडोजमधली मेमरी तपासणी घाईची आहे, तिच्यावर विसंबू नये. मेमटेस्टमध्ये एकही चूक आली तर ती "चालून जाईल" अशी नसते. मग एकेक पट्टी वेगळी लावून पाहा. एकच पट्टी दर वेळी चुकत असेल तर ती खराब. दोन्ही एकेकट्या ठीक आणि एकत्र चुकतात, तर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या पट्ट्यांचे जमत नाही. पट्टी ठीक पण एकाच स्लॉटमध्ये चुकते, तेव्हा मात्र मदरबोर्डवर बोट ठेवता येते.

पट्टी बदलण्याआधी बायोसमध्ये एक्सएमपी (एएमडीच्या नव्या बोर्डांवर एक्स्पो) चालू आहे का ते पाहा. खोक्यावर छापलेला वेग बहुधा याच सेटिंगने मिळतो, आणि तो एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच असतो. ते बंद केल्यावर क्रॅश थांबले तर रॅम टाकून देण्याचे कारण नाही, थोड्या कमी वेगावर चालवा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोनच पट्ट्या असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. सोनेरी टोके खोडरबरने पुसण्याची आपल्याकडची पद्धत चालते, फक्त रबराचे कण स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका.

डिस्क आणि प्रोसेसर

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो पुरे. 'रिअलोकेटेड सेक्टर' किंवा 'करंट पेंडिंग सेक्टर'समोरचा आकडा वाढत असेल तर आधी बॅकअप घ्या, दुरुस्तीचे प्रयोग नंतर. मरणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवले तर उरलेला डेटाही जाऊ शकतो. 'सीआरसी एरर'चा आकडा वाढत असेल तर डिस्क बहुधा निर्दोष, साटा केबल बदला.

प्रोसेसर स्वतः खराब होणे दुर्मीळ, पण एक अपवाद ठाऊक असावा. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या अनेक डेस्कटॉप प्रोसेसरना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे अस्थिर होत होते. कंपनीने हे २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुरुस्तीचे मायक्रोकोड दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. बायोस अपडेट केल्याने पुढचे नुकसान टळते, झालेले भरून येत नाही. म्हणून या पिढीचा आय७ किंवा आय९ कोणी स्वस्तात देत असेल तर का देतो आहे, हे आधी विचारा.

दुकानात काय घेऊन जायचे

सुट्या भागांची वॉरंटी वेगवेगळी असते. रॅमवर तर अनेक कंपन्या बरीच वर्षे देतात. पक्के बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून मागा, खोके जपून ठेवा. मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, तापमानाचा स्क्रीनशॉट, क्रॅशची तारीख-वेळ आणि तेव्हा काय चालू होते याची नोंद सोबत असली की "मदरबोर्ड गेला" असे सहज कोणी म्हणत नाही. वॉरंटी असूनही दुकानदार टाळत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही काम झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्क नाही, आणि वकील नेमलाच पाहिजे असेही नाही.