पातेऱ्यातला काळतोंड्या : दातांचे प्रकरण

 राजापूर तालुक्यातील एका वाचकाने, मेलेल्या काळतोंड्या सापाचा जबडा भिंगाखाली पाहून, असा प्रश्न केला आहे की, ज्याला विष नाही आणि ज्याची लांबी जेमतेम हातभर, त्या सापाला दातांची एवढी दाट रांग कशासाठी? हा प्रश्न मला इतका प्रिय आहे, की त्याचा खुलासा पुढे ढकलणे माझ्याने होणार नाही.

१८५४ साली पॅरिसमध्ये ड्युमेरील पितापुत्र आणि बिब्राँ यांच्या ग्रंथात या सापाची शास्त्रीय नोंद प्रथम झाली, ती कुकरी सापांच्या खात्यात. आणि कुकरी सापाच्या वरच्या जबड्यात तर दात मोजकेच असतात! काळतोंड्याच्या वरच्या जबड्याच्या हाडावर मात्र पंचविसांहून अधिक बारीक, सारख्या उंचीचे दात एकमेकांना खेटून उभे असतात. याचे कारण त्याच्या आहारात, म्हणजे मुख्यत्वे सापसुरळीत, शोधावे लागते. सापसुरळीचे अंग नुसते गुळगुळीत नसते. तिच्या प्रत्येक खवल्याखाली हाडाच्या सूक्ष्म चकत्या असतात, आणि अशा चिलखतावर सामान्य सापाचा, जबड्याशी घट्ट जखडलेला अणकुचीदार दात रुतत नाही, उलट मोडण्याचेच भय अधिक. काळतोंड्याचे दात मात्र मुळाशी हाडाने जखडलेले नसून लवचिक तंतूंनी बांधलेले असतात; त्यामुळे भक्ष्य घशाकडे सरकू लागले की ते बिजागरीवरच्या दारासारखे मागे झुकतात आणि भक्ष्याने बाहेर निसटण्याची धडपड करताच ताठ उभे राहून त्याची वाट अडवतात. ॲलन सॅव्हिट्झ्की या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८१ साली अशा दातांचा विचार मांडताना दाखविले, की कठीण अंगाचे भक्ष्य गिळणाऱ्या, परस्परांशी निकटचे नाते नसलेल्या अनेक सर्पकुळांत ही रचना स्वतंत्रपणे उत्पन्न झाली आहे. सृष्टीने एकच युक्ती निरनिराळ्या ठिकाणी नव्याने योजावी, याहून विस्मयकारक गोष्ट सर्पशास्त्रात मला तरी क्वचितच आढळली आहे.

तेव्हा हे दात माणसासाठी नव्हेत. मात्र काळ्या डोक्यामुळे काळतोंड्यासारखाच दिसणारा विषारी पोवळा सापही त्याच पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या पानांच्या थरात, वावरतो; त्याच्या शेपटीवर दोन काळी कडी असतात आणि पोट तांबडे असते, तर काळतोंड्याचे पोट पिवळसर असून त्याच्या दोन्ही कडांना काळ्या ठिपक्यांची ओळ असते. हा भेद पटविण्यासाठी साप हातात धरण्याचे मुळीच प्रयोजन नाही.

भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजण्यासाठी, हाच पातेरा गोळा केला जातो. कोकणातील वाचकांना माझी विनंती आहे, की पातेरा हातांनी न उपसता दाताळ्याने ओढावा आणि बांधालगतच्या झाडांच्या मुळांशी असलेला थर तेवढा तसाच राहू द्यावा. काळतोंड्या आणि त्याची सापसुरळी, दोघांचाही निवारा तोच आहे.