मंदावलेला लॅपटॉप : आधीं तोल, मग मोल



लॅपटॉप ही वस्तु आतां शहरांतल्या वकील-डॉक्टरांपुरती राहिलेली नाहीं. अमरावतीच्या महाविद्यालयांत शिकणारी दर्यापूरकडील मुलगी, अकोल्याच्या बाजारांत हिशेब ठेवणारा मुनीम, तालुक्याच्या गांवीं कास्तकारांचे अर्ज भरून देणारा तरुण, ह्या सर्वांचें काम आज ह्या एका यंत्रावाचून अडतें. आणि ह्याच यंत्राविषयीं एक तक्रार हल्लीं घरोघरीं ऐकूं येते : "काल रात्रीं अपडेट झालें, आणि आज सकाळपासून लॅपटॉप गोगलगायीसारखा चालतो." दुकानांत नेला, तर पुष्कळदां उत्तर ठरलेलें असतें : "जुना झाला, आतां नवा घ्या." ज्या घरीं कापसाचे चुकारे हातीं आल्यावर मोठ्या हिशेबानें पहिला लॅपटॉप घेतला गेला, त्या घराला हें वाक्य लहान नव्हे. प्रवेश-अर्जाची मुदत दाराशीं आलेली असते, आणि नव्या यंत्राच्या पैशांत पेरणीचें बियाणें व खत येऊं शकतें.

आपला वऱ्हाड कापसाचा मुलूख. सन १८८६ मध्यें कारंजा येथें देशांतला पहिला नियंत्रित कापूस-बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्यें वऱ्हाडासाठीं कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. त्या व्यवस्थेचें मर्म एवढेंच कीं, माल सर्वांदेखत, खऱ्या मापानें तोलला जावा आणि मगच त्याचें मोल ठरावें. लॅपटॉपच्या बाबतींतही मला हाच नियम सांगावयाचा आहे. मी विज्ञानाचा पंडित नाहीं, मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहें. परंतु तोलल्यावांचून निकाल देऊं नये, एवढें मात्र मुलांना जन्मभर शिकवीत आलों.

प्रथम अपडेट म्हणजे काय तें पाहूं. यंत्राचे भाग आणि आपण वापरतों ते कार्यक्रम ह्यांच्यामध्यें बसून सर्वांस कामें वांटून देणारा जो मुख्य कारभारी, त्यास कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्याकडील बहुतेक लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्टची विंडोज असते, म्हणून उदाहरणें तिचींच घेतों. चोरांनीं कुलूप उघडण्याची नवी युक्ति शोधली कीं, कुलूप बदलावें लागतें. तशा दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारीं प्रसिद्ध करीत आली आहे. आपल्याकडे त्या वेळीं मंगळवारची रात्र असते; बुधवारीं सकाळीं तक्रारी कां वाढतात, ह्याचें कारण ह्यांत सांपडेल. ह्याखेरीज वर्षाकाठीं एखादें मोठें अपडेट येतें, आणि त्यांत बहुतेक कार्यप्रणालीच नव्यानें बसते. विंडोज १० वरून विंडोज ११ वर जाणें तर बिऱ्हाड बदलण्यासारखेंच आहे.

बिऱ्हाड बदललें म्हणजे पहिल्या दिवशीं चहाची गाळणीसुद्धां वेळेवर सांपडत नाहीं. यंत्राचेंही तसेंच होतें. पडद्यावर 'अपडेट पूर्ण झालें' असें दिसलें, तरी आंतलें काम चालूच असतें. आपल्या सर्व कागदपत्रांची शोधसूची पुन्हां तयार होत असते, संरक्षक कार्यक्रम एकेक फाईल तपासून पाहत असतो, आणि इतर कार्यक्रमही आपापलीं अपडेटें ओढून घेत असतात. जुन्या धाटणीच्या यंत्रावर ह्याला कित्येक तास, प्रसंगीं पुरा दिवस लागतो. म्हणून पहिलें औषध धीर. चार्जर लावून, इंटरनेट जोडून, झांकण उघडें ठेवून आणि यंत्र झोपीं न जाईल अशी योजना करून तें एक रात्रभर तसेंच राहूं द्यावें. झांकण मिटलें कीं यंत्र सामान्यतः झोपतें आणि राहिलेलें काम तसेंच राहतें. अपडेट प्रत्यक्ष चालू असतांना मात्र तें बळेंच बंद करूं नये. खेड्यांत वीज केव्हां जाईल ह्याचा नेम नसतो, तेव्हां बॅटरी भरलेली असल्याशिवाय अपडेटला हात घालूं नये हें उत्तम.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं यंत्र 'रिस्टार्ट' करावें. येथें एक बारकावा आहे. 'शट डाउन' केलें म्हणजे यंत्र पूर्ण बंद होतें, असा आपला समज असतो. परंतु २०१२ सालच्या विंडोज ८ पासून, यंत्र लवकर सुरू व्हावें ह्यासाठीं, कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिति बंद होतांना डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या खेपेस तीच पुन्हां उचलली जाते. त्यामुळें कालचा बिघाड आजही तसाच राहूं शकतो. 'रिस्टार्ट' केल्यानें गाभा खरोखर नव्यानें सुरू होतो. कित्येक तक्रारी एवढ्यानेंच मिटतात.

एवढें करूनही यंत्र मंदच राहिलें, तर तराजू काढावा. तो विंडोजमध्येंच आहे, त्याला पैसा पडत नाहीं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप हीं तीन बटणें एकदम दाबलीं म्हणजे 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यांत चालू कार्यक्रमांची यादी असून तिच्यापुढें सी.पी.यू., मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. इतर सर्व कार्यक्रम बंद करून पांच मिनिटें नुसतें पहावें, आणि तिन्ही रकान्यांच्या माथ्यावरील आंकडे कागदावर टिपून घ्यावे. सकाळीं एकदां, सायंकाळीं एकदां. रकान्याच्या नांवावर टिचकी मारली कीं, सर्वांत अधिक खाणारा कार्यक्रम वर येतो. आतां तीन निदानें होऊं शकतात.

पहिलें, मेमरीचा आंकडा नव्वदीच्या घरांत असेल तर. मेमरी किंवा रॅम म्हणजे आडत्याच्या दुकानाचा ओटा. डिस्क म्हणजे मागचें गोदाम. काम ओट्यावर होतें, साठा गोदामांत राहतो. ओटा भरला कीं, हमालास प्रत्येक गांठोडें आंत नेऊन ठेवावें लागतें आणि मागितल्यावर पुन्हां बाहेर आणावें लागतें. सारा वेळ ह्या ये-जा करण्यांतच जातो. विंडोज ११ साठीं मायक्रोसॉफ्टनें किमान ४ जी.बी. रॅम सांगितली आहे, परंतु तेवढ्यांत ओट्यावर पाय ठेवण्यास जागा उरत नाहीं, ८ जी.बी. असल्यास नेहमींचें काम सुखानें होतें. रॅम वाढविण्यापूर्वीं एक करावें. टास्क मॅनेजरमध्येंच 'स्टार्टअप ॲप्स' नांवाचें पान आहे. यंत्र सुरू होतांच न बोलावतां येऊन बसणारे कार्यक्रम तेथें दिसतात, आणि मोठ्या अपडेटनंतर त्यांत नवे पाहुणेही आढळतात. संरक्षक कार्यक्रम आणि टचपॅड, ध्वनि वगैरेंचे सहायक सोडून बाकीचे तेथें 'डिसेबल' करावे. ते पुसले जात नाहींत, केवळ बोलावल्यावर येतात.

दुसरें, डिस्कचा आंकडा तासन् तास शंभरावर असेल तर. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' ह्या पानावर डिस्कच्या नांवाशीं एच.डी.डी. किंवा एस.एस.डी. अशीं अक्षरें दिसतात. एच.डी.डी. म्हणजे फिरती तबकडी. लॅपटॉपांतील अशी तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्यास सुमारें ११ सहस्रांश सेकंद लागतात. हवा तो तुकडा सुईखालीं येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावें लागतें, शिवाय सुईचा दांडा सरकण्याचा वेळ निराळा. गणित केलें तर दिसेल कीं, विखुरलेले लहान तुकडे ही तबकडी सेकंदाला शंभरही देऊं शकत नाहीं. एस.एस.डी.मध्यें फिरणारा भागच नाहीं. ती असे तुकडे सेकंदाला हजारोंनीं देते. आणि आजची कार्यप्रणाली हजारो लहान तुकडे एकाच वेळीं मागते! तेव्हां तबकडीचें यंत्र अपडेटनंतर दमतें, ह्यांत नवल नाहीं. अशा यंत्राला एस.एस.डी. बसविणें हा सर्वांत गुणकारी उपाय होय, आणि त्याचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीचा एक अंश असतो.

डिस्कबाबत जागाही पहावी. मोठ्या अपडेटनंतर जुनी विंडोज 'विंडोज.ओल्ड' ह्या नांवानें दहा दिवस ठेवलेली असते, आणि ती पुष्कळ जी.बी. अडविते. डिस्कचा सहावा-सातवा भाग तरी मोकळा असावा. सेटिंग्जमधील 'स्टोरेज' ह्या पानावरून तात्पुरत्या फायली काढतां येतात. मात्र 'डाउनलोड्स' ह्या खणावर तेथें खूण असेल, तर ती काढून मगच पुढें जावें; मुलांचीं गुणपत्रकें आणि दाखले नेमके तेथेंच पडलेले असतात.

तिसरें, सी.पी.यू.चा आंकडा. यंत्रावर कांहीं काम नसतांनाही तो सतत चढलेला असेल, तर यादींत वर आलेला कार्यक्रम कोणता तें पहावें. तो ओळखीचा नसेल, तर विंडोजच्याच संरक्षक कार्यक्रमाकडून यंत्राची पूर्ण तपासणी करवून घ्यावी. परंतु आंकडा कमी असूनही यंत्र रेंगाळत असेल, तर हात लावून पहा. बूड तापलें आहे काय? बहुतेक कारखानदार लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेंत वापरावा असें सांगतात. आपल्याकडे सन २०२४ च्या मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला, आणि उन्हामुळें जिल्ह्यांत जमावबंदीचें कलम लावण्याची वेळ आली. अशा हवेंत प्रोसेसर, स्वतः जळूं नये म्हणून, आपण होऊन आपली गति कमी करतो. हा बिघाड नव्हे, ती त्याची शहाणीव होय. त्यांत जिनिंगच्या आसपासच्या घरांत कापसाचे तंतु पंख्याच्या जाळींत नमद्यासारखे बसतात. लॅपटॉप गादीवर ठेवूं नये, टेबलावर ठेवावा. वर्षांतून एकदां, उन्हाळ्यापूर्वीं, जाणत्या कारागिराकडून पंखा साफ करवून घ्यावा. चार्जर मूळचाच असावा. कमी शक्तीचा चार्जर लावल्यास कांहीं यंत्रें मुद्दाम हळू चालतात. अपडेटनंतर सेटिंग्जमधील 'पॉवर मोड' वीज वांचविण्यावर तर राहिलेला नाहीं ना, हेंही तेथेंच पाहून घ्यावें.

आतां कोणी विचारील, अपडेटचा दोष कधींच नसतो काय? असतो. पडदा लुकलुकूं लागला, ध्वनि गेला, चित्र अडखळूं लागलें, तर यंत्राच्या भागांशीं बोलणारे जे दुभाषी, म्हणजे ड्रायव्हर, त्यांचें नव्या कार्यप्रणालीशीं जमलेलें नाहीं असें समजावें. लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्याच अधिकृत ठिकाणाहून त्या नमुन्याचा ड्रायव्हर घ्यावा. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर मासिक अपडेट 'अपडेट हिस्टरी'मधून काढून टाकतां येतें. मोठें अपडेट असल्यास 'रिकव्हरी'मध्यें 'गो बॅक' म्हणून परतीची वाट आहे. पण ती दहाच दिवस उघडी असते. विंडोज.ओल्ड आधींच पुसलें, तर ही वाटही बंद होते. म्हणून निदान होईपर्यंत त्याला हात लावूं नये. आणि ह्यांतलें कांहींही करण्यापूर्वीं आपलीं कागदपत्रें पेन-ड्राइव्हवर उतरवून घ्यावीं, हें तर सांगणें नलगे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. 'यंत्र दसपट वेगवान करूं' असें म्हणणारे फुकटचे कार्यक्रम घेऊं नयेत. तो आणखी एक पाहुणाच होय. आणि 'तुमच्या लॅपटॉपांत विषाणु आहे' असा फोन कोणी केला, तर तो ठेवून द्यावा. मायक्रोसॉफ्ट असे फोन आपण होऊन करीत नाहीं. मंदपणाला कंटाळून अपडेटच कायमचें बंद करणें म्हणजे आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं. ज्या यंत्रावरून बँकेचा व्यवहार होतो, त्याचें कुलूप जुनें ठेवणें परवडत नाहीं.

ह्याच संदर्भांत एक तारीख ध्यानांत ठेवावी. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमींच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबल्या. घरगुती यंत्रांना कांहीं अटींवर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा मुदत ठेवण्यांत आली. विंडोज ११ सामान्यतः इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांवरच अधिकृतपणें बसते. त्याहून जुनें यंत्र धडधाकट असेल, तर त्यावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवितां येते. लिहिणें, वाचणें, अर्ज भरणें हें बहुतेक सर्व तिच्यावर होतें. आपल्या सरकारच्या सी-डॅक संस्थेनें तयार केलेली 'बॉस' ही तिचीच भारतीय भाषांसाठीं केलेली आवृत्ति आहे.

नवें यंत्र घेऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. रॅम वाढवितां येत नाहीं, बिजागरी तुटली आहे, बॅटरी फुगली आहे, असें तोलाअंतीं ठरलें, तर खुशाल नवें घ्यावें. फुगलेली बॅटरी तर एक दिवसही वापरूं नये. पण दुकानाची पायरी चढतांना तो कागद खिशांत असूं द्यावा. मेमरी इतकी, डिस्क इतकी, सी.पी.यू. इतका, सकाळीं इतका, सायंकाळीं इतका. ज्याच्या हातीं स्वतःचा तोल आहे, त्याला भाव विचारतां येतो. ज्याच्या हातीं नाहीं, त्याला केवळ सांगितलेला भाव द्यावा लागतो. हें आपल्या कापूस पिकविणाऱ्या मुलुखास नव्यानें शिकवावें लागेल, असें मला वाटत नाहीं.