निगेटिव्ह आलं, म्हणजे सुटलो?

कोरोनाच्या काळात किल्लारीसारख्या गावात टेस्टचे दोनच मार्ग होते. आरटीपीसीआर करायची तर स्वॅब चाळीसेक किलोमीटरवरच्या लातूरला जाणार, मग रिपोर्टची वाट बघत बसायचं. अँटिजेन मात्र जागेवरच, पंधरा मिनिटांत. या दुसऱ्या टेस्टबद्दल गावोगाव दोन उलटे समज रुजले. एक म्हणजे ‘निगेटिव्ह आलं, सुटलो’. दुसरा म्हणजे ‘त्या काडीचं काही खरं नाही, धडधाकट माणसालाही पॉझिटिव्ह दाखवते’. यातला पहिला जास्त घातक, कारण तो ऐकायला गोड वाटतो.

१४ जून २०२० रोजी आयसीएमआरने अशा पहिल्या किटला परवानगी दिली. पडताळणीत त्या किटने दर १०० बाधितांपैकी साधारण ५१ ते ८४ जण ओळखले होते. बाधा नसलेल्या १०० पैकी ९९ हून अधिक जणांना मात्र त्याने बरोबर निगेटिव्ह म्हटलं. म्हणजे ही काडी साधूवर आळ क्वचितच घेते, चोर मात्र बरेच सोडते. म्हणूनच नियमही एकतर्फी होता. पॉझिटिव्ह आला तर तो खरा मानायचा, पण लक्षणं असून निगेटिव्ह आला तर आरटीपीसीआर करायचीच. काही मोठ्या राज्यांत ही दुसरी टेस्ट होतच नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्राने राज्यांना त्याची लेखी आठवण करून दिली.

काडी चुकते कुठे? आरटीपीसीआर विषाणूची जनुकीय सामग्री कैक पटींनी वाढवून मग शोधते. अँटिजेन टेस्ट काहीच वाढवत नाही, नमुन्यात विषाणूचं जेवढं प्रथिन आलं तेवढ्यावर भागवते. त्यामुळे लक्षणं दिसू लागल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत ती चांगली चालते, पुढे ढेपाळते. कोक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात लक्षणं असलेल्या बाधितांपैकी सरासरी ७३ टक्के सापडले, लक्षणं नसलेल्यांपैकी जेमतेम ५५ टक्के. काल बाधिताजवळ बसलो आणि आज टेस्ट निगेटिव्ह आली, याला फारसा अर्थ नाही.

आता दुसरा समज. तो सर्वस्वी खोटाही नाही, आणि इथे थोडा हिशेब करावा लागतो. समजा, शिबिरात १००० जण आले आणि त्यांत बाधित १०च आहेत. किट १०० पैकी ६० बाधित पकडतं आणि निरोगी माणसांत हजारी पाच वेळा चुकतं, असं धरू. मग ६ खरे पॉझिटिव्ह निघतील आणि ५ खोटे. साथ भरात असताना त्याच १००० मध्ये ३०० बाधित असतील, तर १८० खरे निघतील आणि खोटे तीन-चार. किट तेच, पण पॉझिटिव्हवर किती भरवसा ठेवायचा हे गावातल्या साथीवर ठरतं. (त्या भरातल्या शिबिरातून १२० बाधित ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी जातात, हेही विसरू नये.)

‘रेघ फिकट आहे, म्हणजे नसल्यातच जमा’ असं म्हणणारेही भेटतात. ठरलेल्या वेळेत किटवरच्या ‘टी’ (टेस्ट) या खुणेपाशी पुसटशी रेघ उमटली तरी ती पॉझिटिव्हच. ‘सी’ (कंट्रोल) या खुणेची रेघच आली नाही, तर ती टेस्ट बाद. वेळ उलटून गेल्यावर दिसलेली रेघ धरायची नाही. पुण्याच्या मायलॅबचं मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेलं घरगुती किट १५ मिनिटांनी वाचायचं असतं, आणि २० मिनिटांनंतरचा निकाल ग्राह्य नाही.

लस घेतली म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह येते, हाही असाच एक समज. लस दंडात टोचतात, आणि काडी नाकातला विषाणू शोधते.

फ्लूच्या रॅपिड टेस्टचीही हीच गत आहे. निगेटिव्ह आली म्हणून फ्लू नाही असं ठरत नाही. कोरोनाची लक्षणं असून टेस्ट निगेटिव्ह आली, तर ४८ तासांनी पुन्हा करा, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये सांगितलं. तोवर लग्नाचा आहेर शेजाऱ्याच्या हाती पाठवलेला बरा.